मातीमोल

मराठी भाषेने 'मोल' या शब्दाला मोठ्या अडचणीत टाकून ठेवले आहे. जी वस्तू पैशाने मिळणारच नाही तिला आपण अनमोल म्हणतो, आणि जी बाई दुसऱ्याच्या घरची भांडी घासून महिन्याकाठी पैसे घेते तिला मोलकरीण म्हणतो. एकच शब्द देव्हाऱ्यातही बसतो आणि मोरीपाशीही. ज्याला कवडीचीही किंमत उरली नाही त्याला आपण मातीमोल म्हणतो. हा शेवटचा शब्द ज्याने रूढ केला त्याने दिवाळीतल्या किल्ल्यावरचा मातीचा मावळा हातात घेऊन कधी निरखला नसावा.

मी अर्थशास्त्र शिकलेलो नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. शाळेत मुलांना शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तेव्हा मोल आणि किंमत यांचा हा विचार पंडिताचा नव्हे. तो मला सुचला तो दिवाळीच्या बाजारात. आमच्या द्रोणागिरीच्या डोंगरावर खरा किल्ला आहे. त्याच्या पायथ्याशी सिडकोने वसवलेल्या इमारतींच्या आवारात पोरे दरवर्षी दुसरे किल्ले बांधतात. दगडविटा रचायच्या, त्यांवर पोते पसरून चिखल लिंपायचा, गेरू फासायचा, अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवायची, आणि मग सिंहासनावर महाराज, बुरुजांवर मावळे आणि पायथ्याच्या गावात गवळण, शेतकरी, वाणी अशी वस्ती करायची. या मातीच्या बाहुल्यांना पुण्याकडे 'चित्रे' म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो. मूर्तीला चित्र म्हणण्यात तिच्यावरच्या रंगाला पहिला मान दिलेला आहे.

आणि तो मान योग्यच आहे. साच्यातून निघालेले सगळे मावळे सारखेच आंधळे असतात. मातीचा खर्च थोडा. एकदा साचा झाला की शंभर काढा, नाही तर हजार. पुढे कुणीतरी त्याला पांढरा हात द्यायचा, अंगरखा रंगवायचा, कमरेला शेला आणायचा, ढालीवर चार ठिपके ठेवायचे, आणि सर्वांत शेवटी, श्वास रोखून, मिशीची रेघ आणि डोळ्यांचे दोन बिंदू. हे दोन बिंदू नीट पडले तर मावळा गडावर पहारा देतो. ते हलले तर तो बिचारा बाजारात हरवलेल्या पोरासारखा दिसतो. बाकी सारे तेच असते.

दुकानापुढे उभा असलेला बाप मात्र विचारतो, "मातीच्या मावळ्याला एवढे पैसे?" त्याला वाटते की आपण माती विकत घेत आहोत. खरे पाहता तो मिनिटे विकत घेत असतो. हिशेब पाचवीच्या मुलालाही येईल असा आहे. समजा, एक मावळा मन लावून रंगवायला पाव तास लागतो. आठ तासांच्या दिवसात बत्तीस मावळे झाले. रंगवणाऱ्याला दिवसाचे ८०० रुपये मिळावेत असे म्हटले, तर एका मावळ्यामागे नुसत्या रंगकामाचे २५ रुपये पडले. माती, साचा, वाहतूक, फुटतूट आणि दुकानदाराचा नफा अजून बाहेरच उभे आहेत. गिऱ्हाईक तर सबंध मावळा वीस रुपयांत मागते. तो वीस रुपयांत मिळतोही. कारण रंगवणारा पाव तासाऐवजी तीन मिनिटे देतो, दिवसाला १६० मावळे हातावेगळे करतो आणि रंगकामाचे पाचच रुपये लावतो. म्हणजे मावळ्याचे डोळे कुठे बघणार हे आपण घासाघीस करतानाच ठरवून टाकतो, आणि घरी आल्यावर म्हणतो, हल्लीच्या लोकांच्या हातात कला राहिली नाही.

हे दुखणे आपल्याकडचेच आहे असे मात्र नव्हे. इंग्लंडमध्ये एच. जी. वेल्ससारख्या मोठ्या लेखकाने १९१३ साली 'लिटल वॉर्स' नावाचे पुस्तक लिहून खेळातल्या शिशाच्या शिपायांची लढाई कशी खेळावी याचे नियम सांगितले. आज या छंदाचा केवढा तरी व्यापार झाला आहे. नॉटिंगहॅमची गेम्स वर्कशॉप ही असले शिपाई करणारी कंपनी २०२४ च्या डिसेंबरात लंडनच्या शेअरबाजारातील पहिल्या शंभर कंपन्यांत जाऊन बसली. जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढे हे प्लॅस्टिकचे शिपाई बहुधा करडे, बिनरंगाचे मिळतात. रंग ज्याचा त्याने द्यायचा. ज्याला वेळ नाही किंवा हात नाही तो ते रंगाऱ्याकडे सोपवतो. तेथेही मग हीच कुरकूर चालते. शिपायापेक्षा रंगच महाग कसा, असे गिऱ्हाईक विचारते. आणि तासांचा हिशेब मांडला तर माझी मजुरी लाज वाटण्याइतकी कमी निघते, असे रंगारी म्हणतो. पुढे हौस फिटली आणि सैन्य विकायला काढले, तर त्यावर खर्ची पडलेले तास पैशांच्या रूपाने क्वचितच परत येतात.

मग खरी किंमत कोणती? श्रमांवरून ठरवावी तर वेंधळ्या माणसाने दहा तास घालवून बिघडवलेला मावळा सर्वांत मोलाचा म्हणावा लागेल. घेणाऱ्याच्या हौसेवरून ठरवावी तर हौसेला अंतच नाही. यॉर्कशरमधल्या हॉवर्थ गावी १८२६ साली ब्रॉन्टे नावाच्या पाद्र्याने आपल्या मुलासाठी बारा लाकडी शिपाई आणले. त्या मुलाने आणि त्याच्या तीन बहिणींनी एकेक शिपाई उचलून त्याला नाव दिले. शार्लटने आपल्याला वेलिंग्टन केले. त्या शिपायांभोवती मुलांनी राज्ये उभारली, त्यांचे इतिहास बोटभर वह्यांत लिहून काढले, आणि पुढे त्याच बहिणींच्या हातून इंग्रजी भाषेतल्या थोर कादंबऱ्या लिहून झाल्या. त्या बारा शिपायांचे मोल कोण करणार? परंतु ज्या कारागिराने ते घडवले त्याने एखाद्या कादंबरीचा हिस्सा मागितला असता तर आपण हसलो असतो. त्याने मागायची ती मजुरी. बाकीचे मोल मुलांनी आपल्या पदरचे घातले होते.

गेल्या वर्षी शाळेत मी मुलांना कच्चे, बिनरंगी मावळे आणून दिले आणि म्हटले, रंगवा. दोन तास वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. एका मुलाचा मावळा खरोखर छान उतरला होता. मी त्याला विचारले, "काय रे, हा मला विकत देतोस का? वीस रुपये देतो." तो म्हणाला, "नाही सर, हा विकायचा नाही." "शंभर दिले तर?" "नाही सर." मी म्हटले, "बरे, राहू दे. पण मला असे चाळीस रंगवून हवेत. तू देशील का करून?" त्याने थोडा विचार केला, बोटे मोडली आणि म्हणाला, "चाळीस? मग एकाला पन्नास तरी पडतील सर. आणि दिवाळी झाल्यावर देईन."

या उत्तरावर मी पुष्कळ दिवस विचार केला. ज्याची किंमत शंभरालाही होत नव्हती त्याच्याच भावाला पन्नास रुपये पुरे होते, आणि या दोन्ही म्हणण्यांत त्या मुलाला काडीचाही विरोध दिसला नाही. विरोध नाहीच. 'हा मला केवढ्याचा?' हा एक प्रश्न आहे, आणि 'तुझ्यासाठी हे काम मी काय घेऊन करू?' हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मोल, दुसऱ्याचे उत्तर किंमत. मोल घेणाऱ्याच्या घरी वाढते. किंमत मात्र करणाऱ्याच्या घरी चुलीपाशी ठरते. आपण लबाडी करतो ती या दोहोंची अदलाबदल करून. द्यायची वेळ आली की म्हणतो, कलेची का किंमत करायची असते! आम्हां लेखकांना हे चांगले ठाऊक आहे. मजुरी फारच कमी असली म्हणजे तिला मानधन म्हणतात. मान आधी येतो आणि धन वाटेत कुठेतरी राहते.

कुणी म्हणेल, मग किंमत चढू द्या, म्हणजे कारागीर जगेल. पण यालाही दुसरी बाजू आहे. सावंतवाडीची गंजिफा पाहा. गंजिफा हा खेळायच्या पत्त्यांचा प्रकार. बाबराने १५२७ साली सिंधला शाह हसनकडे असले पत्ते पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. आपल्या दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पाने, अशी १२० गोल पाने हाताने रंगवावी लागतात. ही विद्या नाहीशी होऊ लागली तेव्हा, १९७० च्या सुमारास, सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच काम सुरू केले. ते फार मोठे काम झाले. पण एवढ्या कष्टाची पाने आता खेळतो कोण? ती काचेच्या कपाटात जातात. कारागीर जगला याचा आनंद आहेच. खेळ मात्र तितकासा जगला नाही. जे खेळण्यासाठी केले ते हाताळायची भीती वाटू लागली, की किंमत मोलाच्या डोक्यावर बसली असे समजावे.

काचेत न जाता, अंगाखांद्यावर वागूनही ज्याची किंमत लोक आनंदाने देतात असे काही आहे का? आमच्या रायगड जिल्ह्यातच आहे. पेणच्या गणपतींची ख्याती सर्वांना ठाऊक आहे. तिथल्या कारखान्यांत मूर्ती कुणीही घासूनपुसून गुळगुळीत करील, पितांबरही अनेकजण रंगवतील. पण डोळ्यांची आखणी जाणत्या हातासाठी राखून ठेवतात. ही मूर्ती दीड दिवस, फार तर दहा दिवस घरी राहते आणि मग पाण्यात जाते. पुन्हा विकून पैसे येण्याचा प्रश्नच नाही. टिकाऊपणा हेच मोल असते तर कोकणातल्या माणसाने गणपतीवर पैसा खर्च केलाच नसता. तो करतो, कारण डोळ्यात डोळा घालून पाहायचे ते दीड दिवसच खरे, हे त्याला पटलेले आहे. किल्लाही तसाच. तुळशीच्या लग्नापर्यंत तो मोडलेला असतो. मावळ्यांपैकी दोघांचे हात गेलेले असतात, एकाचे डोके. मला तर त्यात मावळ्याची शोभा दिसते. न खेळलेल्या शिपायापेक्षा कामी आलेला शिपाई केव्हाही मोठा.

किंमत देऊन झाली म्हणजे मोलाचा हिशेब मिटला, असे समजण्यातला धोका पनवेल-उरणच्या माणसाला वेगळ्या मार्गाने कळलेला आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी इथली भातशेते आणि मिठागरे गेली. मोबदला कागदावर ठरत होता, पण ज्या जमिनीवर शहर उभे राहायचे तिचे मोल त्या कागदात मावेना. १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले. पोलिसांच्या गोळीबारात पाचजण प्राणाला मुकले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याचे तत्त्व त्यानंतर रुजले. जमीन आणि मावळा यांची तुलना मी करू धजत नाही. एवढेच म्हणतो, की ज्याच्याकडून आपण काही घेतले त्याचा त्या वस्तूशी असलेला संबंध पैसे मोजताच तुटत नाही, हे येथल्या मातीने रक्त सांडून शिकवले आहे.

मग साध्या गिऱ्हाइकाने करावे काय? ज्याच्या खिशात शंभरच रुपये आहेत त्याला मी महागडे मावळे घे म्हणून उपदेश करणार नाही. त्याला दोन वाटा आहेत. पाच ओढूनताणून रंगवलेल्या मावळ्यांऐवजी त्याने दोन नीट रंगवलेले घ्यावेत. गड दोन पहारेकऱ्यांनीही राखता येतो. नाही तर कच्चे मावळे घेऊन पोरांच्या हाती कुंचला द्यावा. ज्या पोराने एकदा मिशीची रेघ ओढून पाहिली ते जन्मात कुठल्या रंगाऱ्याशी घासाघीस करणार नाही. आणि ज्याला ऐपत आहे त्याने दुकानात "केवढ्याला?" याच्याआधी "हा रंगवायला किती वेळ लागतो?" असे विचारावे. दुकानदार पहिल्यांदा चमकेल. त्याला हा प्रश्न कुणी विचारलेला नसतो. पण चार गिऱ्हाइकांनी विचारला, तर तो तसाच पुढे रंगवणाऱ्या बाईपर्यंत जाईल, आणि पुढच्या दिवाळीला तिला एका मावळ्यामागे तीनऐवजी पाच मिनिटे मिळतील. मिशी, डोळे आणि ढालीवरचे चार ठिपके एवढ्यांना पाच मिनिटे पुरतात.