चिमणी आलीच नाही तर?



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक २० आणि २१.

मे महिन्यात उमरीला बहिणीकडे गेले होते. माझ्या सात वर्षांच्या भाच्यानं अंगणात मातीच्या परळात पाणी ठेवलं, शेजारी मूठभर जोंधळा टाकला आणि समोरच्या पायरीवर बसून राहिला. एक दिवस, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी वैतागला. "मावशी, येईनातच त्या. मग कामून ठेवायचं?"

"येतील रे, धीर धर," असं तोंडावर आलं होतं. पण नाहीच आल्या तर? आणि खरं सांगू, मला बोलायचा अधिकारच नव्हता. पुण्यात मीही गॅलरीत दाणे ठेवले होते. फोटो काढला, स्टेटसला टाकला. आठवडाभर कुणी फिरकलं नाही, तशी ती वाटी कोरडी पडली ती पडलीच.

या श्लोकांत भगवंत दानाचे प्रकार सांगतात. द्यायचं आहे म्हणून दिलेलं, ज्याच्याकडून परतफेड नाही त्याला दिलेलं, देश, काळ आणि पात्र पाहून दिलेलं, ते सात्त्विक. बदल्यात काही मिळावं म्हणून, फळावर डोळा ठेवून किंवा कुरकुरत दिलेलं, ते राजस.

आपल्याला वाटतं, चिमणीकडून कसली आलीय परतफेड? पण आपण मागतोच की! तिनं यावं, आपल्यासमोर खावं, आपल्याला दिसावं. मूठभर जोंधळ्याच्या बदल्यात दर्शन. माझी वाटी कोरडी पडली, कारण माझा सौदा फसला होता.

मग भाच्याला म्हटलं, चल, आपण देश, काळ, पात्र बघू.

देश म्हणजे जागा. परळ पायरीपासून चार हातांवर होतं. माणूस टक लावून बसल्यावर चिमणी येईल कशी? तिची वाट बघणंच तिच्या वाटेत आडवं आलं होतं. परळ कडुनिंबाच्या सावलीत हलवलं, मांजराला दबा धरता येणार नाही अशा बेतानं. जागा चुकली की चांगल्या भावनेतूनही त्रास होतो. २०२५ मध्ये मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून केवढा वाद झाला! दाणे टाकणाऱ्यांची श्रद्धा खरी होती, आणि विष्ठेमुळे शेजाऱ्यांच्या फुप्फुसांना होणारा त्रासही खरा होता.

काळ : आपल्याकडच्या मे महिन्यात दाण्याहून पाण्याची निकड मोठी. पाणी उथळ हवं, रोज बदलायचं, परळ घासायचं.

पात्र : चिमणी दाणे खाते, पण पिल्लांना मुख्यतः अळ्या-किडे भरवते. म्हणजे अंगणात औषध न फवारणं आणि चार झुडपं राहू देणं, हेही अन्नदानच. फरसाण मात्र नको.

यात नवीन काही नाही. पंचमहायज्ञांतला भूतयज्ञ हाच. जुन्या घरांत पाखरांसाठी कणसं टांगायचे. तुकोबांच्या चरित्रात शेत राखायला बसण्याची कथा आहे. राखणदार असूनही त्यांच्यानं पाखरं हाकलवेनात. त्या कथेत पुढे धान्य भरपूर निघतं. पण मला वाटतं, खरी गोष्ट त्याच्या आधीची आहे. पाखरं खात होती तेव्हा पुढचं काही त्यांना ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी परळातलं पाणी बोटभर कमी झालं होतं. "चिमणी पिऊन गेली का उन्हानं आटलं?" भाच्यानं विचारलं. म्हटलं, कुणाला ठाऊक. तो थोडा वेळ परळाकडे बघत राहिला, मग तांब्या घेऊन आला आणि परळ भरलं.

आजचा नेम : घराबाहेर पाणी ठेवा. लेकरांच्या हातानं ठेवा. सात दिवस फोटो काढायचा नाही, आणि "आली का?" असं विचारायचंही नाही. पुण्यात परतल्यावर माझी वाटीही मी भरली आहे.

राम कृष्ण हरी.