डोंगराला नाव कोणाचं?



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १०, श्लोक २५. अचल गोष्टींमध्ये हिमालय म्हणजे मीच, असं भगवंत सांगतात.

वाचताना अंटार्क्टिकातला माउंट सिन्हा आठवला. उंची सुमारे ९९० मीटर. आपल्या जिल्ह्यातली कळसूबाई १६४६ मीटर. बिहारमध्ये जन्मलेले जीवशास्त्रज्ञ अखौरी सिन्हा १९७२ आणि १९७४ मध्ये अमेरिकन जहाजांवरून तिथल्या गोठलेल्या समुद्रात गेले. काम काय, तर सील, देवमासे आणि पक्षी मोजायचे. डोंगर त्यांनी शोधला नव्हता. तो विमानातून काढलेल्या फोटोंवरून आधीच नकाशावर आला होता. अमेरिकेच्या नामकरण समितीने त्याला त्यांचं नाव दिलं.

खरं सांगू? गेल्या महिन्यात मी रात्री जागून लिहिलेल्या कोडचं श्रेय मीटिंगमध्ये दुसऱ्यालाच मिळालं. राहात्याला घरी आलो तरी जळजळ थांबेना. हातात माळ देवाची, मनात जप स्वतःच्या नावाचा!

कळसूबाईचंही तसंच. लोककथेतली ती कष्टकरी पोर. शिखराला तिचं नाव दिलं ते लोकांनी. नाव आपण घ्यायचं नसतं, दुसऱ्याने द्यायचं असतं.

मग कोणी श्रेय बुडवलं तर चालतं? नाही. कारण तो ‘दुसरा’ कधीकधी मीच असतो. मागच्या रिलीजमध्ये एका ज्युनिअरने मोठा बग पकडला होता. मी त्याचं नाव घेतलं होतं का?

नव्हतं. उद्या सगळ्यांसमोर घेणार आहे.

तुम्ही कोणाचं नाव घ्यायचं राहिलंय?