वाटीतला वास

पहाटे साडेपाचला मी गॅसवर पाणी ठेवते. चहाच्या आधी ते ठमीसाठी असतं. पाणी कोमट झालं की त्यात तिची खाण्याची वाटी ठेवायची, अधूनमधून बोट लावून बघायचं. फ्रिजमधून काढलेल्या खाण्याला वास नसतो, आणि मांजर आधी नाकाने जेवतं. त्याच्या अंगाची ऊब ३८ अंशांच्या आसपास असते. नुकत्याच पकडलेल्या उंदराचीही जवळपास तेवढीच. वाटी त्या उबेला आली की ठमीचे कान हलतात.

ठमी चौदा वर्षांची आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला तिचं रक्त तपासलं, तेव्हा मूत्रपिंडं थकत चालल्याचं कळलं. डॉक्टरांनी कोरडे दाणे बंद करून फॉस्फरस कमी असलेलं ओलं खाणं सुरू करायला सांगितलं. मांजराचे पूर्वज कोरड्या, वाळवंटी मुलखातले. त्यांना पाणी मिळायचं ते शिकारीतूनच, म्हणून आजही मांजराला तहान कमी लागते. दाण्यांत जेमतेम दहा टक्के पाणी असतं, ओल्या खाण्यात पाऊण हिश्शाहून जास्त.

आजारी माणसाला आपण मऊ भात देतो, म्हणून आई म्हणाली, "दूधभात कालवून दे तिला." पण मांजराचं पथ्य वेगळं. मोठ्या मांजराला बहुधा दूध पचत नाही. शिवाय त्याला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं, ते मांसामाशातूनच मिळतं. ते कमी पडलं की मांजराचं हृदय दुबळं होतं, हे कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी १९८७ साली दाखवून दिलं. तोपर्यंत विकतच्या खाण्यावर वाढलेली मांजरंसुद्धा त्यापायी दगावत होती.

पहिल्या दिवशी मी जुने दाणे उचलून ठेवले आणि नवं खाणं समोर ठेवलं. ठमीने वास घेतला, मग घाण झाकावी तशी पंजाने वाटीभोवतीची फरशी खरवडली आणि निघून गेली. रात्रीही तेच. "भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा," आई म्हणाली. "भूक लागली की खाईल." मलाही ते पटलं. लहानपणी कारल्याच्या भाजीवर मीही असाच रुसवा धरला होता आणि शेवटी खाल्लीच होती.

दुसऱ्या संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला. त्यांचा आवाज एकदम बदलला. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की शरीर साठवलेली चरबी यकृताकडे पाठवतं, यकृताला ती पेलत नाही आणि ते निकामी व्हायला लागतं. अंगाने भरलेल्या मांजराला तर हा धोका अधिक. "आत्ता जुनं खाणं द्या," ते म्हणाले. मी दाण्यांचा डबा उघडला. ठमी खात होती आणि मी तिच्याशेजारी फरशीवर बसून होते. चांगलं करायला निघाले होते मी, आणि तिला उपाशी ठेवलं होतं.

लोक याला मांजराचे नखरे म्हणतात. मला तो शब्द आता सोसत नाही. पिल्लू काय खायचं ते आईच्या संगतीने शिकतं, आणि पुढे अनोळखी वासावर चटकन विश्वास ठेवत नाही. एकट्याने शिकार करणाऱ्या प्राण्याला विषापासून वाचवणारं तेवढंच एक शहाणपण. माझ्या हातात रक्ताचा रिपोर्ट होता, तिच्याजवळ नाक.

मग सगळं सावकाश सुरू केलं. आधी नवी वाटी नुसती जुनीच्या शेजारी, तिने तोंड लावावं ही अपेक्षाही नाही. चार दिवसांनी दाण्यांत नव्या खाण्याचा एक छोटा चमचा. नाक मुरडलं की परत अर्ध्या चमच्यावर. कधी वरून कोंबडी उकडलेलं पाणी, त्यात मीठ नाही आणि कांदा-लसूण तर मुळीच नाही, ती मांजराला विषासारखी. औषधाची गोळी मात्र या वाटीत कधीच कुस्करली नाही. एकदा कडू लागलं की त्या वासावरचा विश्वास गेला. दर रविवारी तिला कडेवर घेऊन मी काट्यावर उभी राहते, मग एकटी, आणि वजाबाकी वहीत लिहिते. ज्या कामाला आठवडा पुरेल असं वाटलं होतं, त्याला सहावा आठवडा लागला आहे.

आज वाटीत तीन भाग नवं, एक भाग जुनं. ठमीने भोवतीने दोनदा वास घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि खायला लागली. अर्ध्यावर थांबून खिडकीत जाऊन बसली. एवढ्यात आई उठून आली. तिने वाटीला हात लावला, गार झाल्याचं पाहिलं, आणि काही न बोलता पुन्हा गॅसवर पाणी ठेवलं.