सवयीचे 'आमेन'



रविवारी आपण मिस्साला येतो, ठरलेल्या बाकावर बसतो, उठतो, गुडघे टेकतो, 'आमेन' म्हणतो. घरी गेल्यावर आजचे शुभवर्तमान कोणते होते, असे कुणी विचारले तर आठवत नाही. वेदीजवळ उभे राहणारे आम्हीही याला अपवाद नाही.

सवय वाईट नव्हे. आईने हाताला धरून शिकवलेली क्रुसाची खूण आयुष्यभर पुरते. पण हात चालतो आणि मन झोपते, तेव्हा मिस्सात शेजाऱ्याला शांती देणारा तोच हात, बांधावरून अबोला धरलेल्या सख्ख्या भावापुढे होत नाही.

संत ऑगस्टीन यांना सत्य बुद्धीने पटले होते, तरी जुन्या सवयी सुटत नव्हत्या. इ.स. 386 मध्ये मिलान येथील बागेत ते रडले, देवाला शरण गेले. 387 च्या ईस्टरला त्यांचा बाप्तिस्मा झाला. सवयीची बेडी नुसत्या ज्ञानाने तुटत नाही. देवाची कृपा हवी, आणि आपला होकारही हवा.

संत इग्नाती लोयोला यांनी त्यासाठी दुपारी व रात्री आत्मपरीक्षण सांगितले: देवाचे आभार मानणे, प्रकाश मागणे, दिवस तपासणे, क्षमा मागणे, सुधारणेचा निश्चय करणे.

या आठवड्यात रोझरीनंतर घरोघरी पाच मिनिटे शांत बसू या. आज कुठे आपण विचारपूर्वक वागलो, कुठे नुसते ओढले गेलो, ते पाहू या. देव प्रत्येकाला नावाने हाक मारतो. उत्तरही ज्याचे त्याने जागेपणी द्यायचे असते.

पुढच्या रविवारी 'आमेन' म्हणण्याआधी त्या भावाच्या दारी जाऊन येऊ या.

आपले धर्मगुरू