पाळण्याची दोरी

मूल रडू लागले की पाळणा हलवावा, हे कोणास शिकवावे लागत नाही. तो कोणी हलवावा, हा प्रश्न आमच्या वाडवडिलांनी कधी विचारलेला दिसत नाही. दोरी ज्याच्या हाताशी आली त्याने ती ओढली, एवढाच त्या काळचा न्याय. आज मात्र हा प्रश्न विचारावा लागत आहे, आणि तो आमच्याच घरात उपस्थित झाल्यामुळे वाचकांपुढे मांडण्याचे धाडस आम्ही करीत आहोत.

आमची पुतणी अमेरिकेत ओहायो राज्यात असते. गेल्या वर्षी तिला मुलगी झाली. आमचे ज्येष्ठ बंधू अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे त्यांना सोडून लेकीच्या बाळंतपणास जाणे वहिनींना शक्य नव्हते. सासूबाई हयात नाहीत. जावयाला कामावरून रजा मिळाली ती दोन आठवड्यांची. तेव्हा पुतणीने आम्हांस विचारले, "काका, आपोआप हलणारा पाळणा घेऊ का? तुम्ही काय म्हणता?" वडील आजारी, म्हणून बापाच्या जागी काका, आणि काका वकील, म्हणून त्यांना प्रत्येक विषयात मत असलेच पाहिजे!

हा पाळणा म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. डॉ. हार्वे कार्प या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी अभियंत्यांच्या साहाय्याने 'स्नू' नावाचा एक पाळणा तयार करविला आणि २०१६ साली तो बाजारात आला. त्या वेळी त्याची किंमत १,१६० डॉलर होती. पुढे ती सोळाशेच्याही वर गेली. मुलाला एका दुपट्यात गुंडाळून त्या दुपट्याच्या दोन्ही बाजू पाळण्यास अडकवितात, म्हणजे मूल उताणेच राहते. पाळणा आडवा, हलके हलके हलतो आणि गर्भाशयात ऐकू येणाऱ्या घरघरीसारखा आवाज करतो. मूल रडले की आतील ध्वनिग्राहक ते टिपतो, आणि झोके व आवाज दोन्ही पायरीपायरीने वाढतात. एवढ्यानेही रडे थांबले नाही, तर काही मिनिटांत यंत्र स्वतः थांबते आणि आता माणसाने यावे अशी सूचना देते. मूल सहा महिन्यांचे झाले, किंवा त्याआधीच हातापायांवर उठू लागले, की या पाळण्याचे काम संपले. अलीकडे याच्यासारखे इतरही पाळणे निघाले आहेत.

आमच्या मातोश्रींना हे सारे समजावून सांगितले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "दोरी ओडपाक घरांत कोण ना व्हय?" हा प्रश्न आम्हांस इतका मार्मिक वाटला, की तेवढ्याच आधारावर आम्ही पुतणीला चार पानी पत्र लिहिले. यंत्राला हृदय नसते, मातेच्या हाताची ऊब विकत मिळत नाही, आपल्या घराच्या माळ्यावर फणसाच्या लाकडाचा पाळणा चार पिढ्या झुलला, इत्यादी जे जे लिहिता येण्यासारखे होते ते ते आम्ही लिहिले. पत्र चांगले वठले असे आम्हांस वाटले. पुतणीने ते वाचून पाळण्याचा विचार सोडून दिला.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी तिचा दूरध्वनी आला. जावई रात्रपाळीला गेले होते. तीन रात्रींत तिला सलग दोन तास झोप मिळाली नव्हती. पहाटे मुलीला पाजता पाजता सोफ्यावर बसल्या जागी तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा मुलगी तिच्या कुशीतून घसरून दंड आणि सोफ्याची उशी यांच्यामध्ये अडकली होती, नाक कापडाशी टेकलेले. मुलगी सुखरूप होती. परंतु हे सांगताना पुतणीचा आवाज जसा थरथरत होता, तसा तो आम्ही तिच्या लहानपणीही कधी ऐकला नव्हता.

अमेरिकेत दरवर्षी सुमारे साडेतीन हजार अर्भके झोपेशी निगडित कारणांनी दगावतात. तेथील बालरोगतज्ज्ञांची संस्था अनेक वर्षांपासून सांगत आली आहे की मुलाला उताणे निजवावे. आणि सोफ्यावर मुलासह झोप लागणे हे तर अंथरुणाहूनही कितीतरी अधिक धोक्याचे, असेही ती बजावते. हे आम्ही पत्र लिहिण्यापूर्वी वाचले नव्हते. मातोश्रींचा प्रश्न मार्मिक होता यात शंका नाही. पण तो प्रश्न होता, आणि आम्ही त्याला उत्तर समजून बसलो. दोरी ओढण्यास घरात कोणी नाही काय? नव्हते. हेच त्याचे खरे उत्तर होते.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही, आणि एक जुनी गोष्ट आठवली. आमच्या पहिल्या मुलाच्या जन्मानंतर दुसऱ्या दिवशीचे खटले डोळ्यांसमोर असत, म्हणून आम्ही दिवाणखान्यात निजत असू. मध्यरात्री केव्हातरी रडे ऐकू येई, मग कड्यांची करकर सुरू होई, आणि रडे थांबे. आम्ही कूस बदलून पुन्हा झोपी जात असू. त्या दोरीला पत्नीचा हात होता की मातोश्रींचा, हे आम्ही एकदाही उठून पाहिले नाही. म्हणजे आपोआप हलणारा पाळणा आमच्या घरात तेव्हाही होता! भेद इतकाच की तो विजेवर चालत नव्हता. दोन स्त्रियांच्या जागरणावर चालत होता. असा पाळणा ज्याने वर्षभर फुकट वापरला, त्याने पुतणीला यंत्राच्या हृदयशून्यतेवर चार पाने लिहावीत, हे आता आमचे आम्हांसच शोभेनासे झाले.

तथापि एवढ्याने मूळ प्रश्न सुटत नाही. आमची लबाडी सिद्ध झाली म्हणून यंत्र निर्दोष ठरत नाही. तेव्हा प्रश्न नीट मांडून पाहू. आमच्या व्यवसायात याला जवळचा असा एक नियम आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे १९० वे कलम सांगते की जे काम मुखत्याराने स्वतः करण्याचे पत्करले आहे, मग ते उघड शब्दांनी असो वा गर्भितपणे, ते त्याने दुसऱ्यावर सोपवू नये. मात्र त्या व्यवहाराची रूढीच तशी असेल, किंवा कामाच्या स्वरूपामुळे ते अपरिहार्य असेल, तर उपमुखत्यार नेमता येतो. आणि १९२ व्या कलमाप्रमाणे रीतसर नेमलेल्या अशा उपमुखत्याराच्या कृत्यांबद्दल मूळ मुखत्यार जबाबदार राहतोच. मूल ही मालमत्ता नव्हे आणि मातृत्व हा करार नव्हे, हे आम्ही जाणतो. पण या नियमातील विवेक कायद्याहूनही जुना आहे. आईबापांनी गर्भितपणे स्वतः पत्करलेले काम कोणते, आणि दुसऱ्यावर सोपविण्याजोगे कोणते?

झोका देणे हे सोपविण्याजोगे काम आहे, असे आता आम्हांस वाटते. रूढीचीच साक्ष घ्यावी. पाळणा हेच मुळी सोपविणे आहे: हात भरून आले म्हणून मूल लाकडाच्या आणि दोरीच्या स्वाधीन झाले. आजी, आत्या, थोरली बहीण, घरकामाची बाई, सर्वांनी ती दोरी ओढली आहे आणि त्यामुळे कोणाचे मातृत्व उणे झाले नाही. शेतावर राबणारी बाई लुगड्याची झोळी झाडाला बांधते, तीही सोपविणेच होय.

मग न सोपविण्याजोगे काय उरते? रडे ऐकणे. मुलाचे रडणे हा आमच्या दृष्टीने एक अर्ज आहे. अर्जदाराला भाषा नाही, वकील नाही, आणि मुदतवाढ तर मुळीच मान्य नाही. तो अर्ज भुकेचा असेल, ओल्या दुपट्याचा असेल, पोटातल्या कळेचा असेल, किंवा केवळ कोणीतरी जवळ हवे याचा असेल. यंत्र अर्ज ऐकत नाही, ते आवाज मोजते. आवाज वाढला की झोका वाढवावा, हा त्याचा एकच निकाल. पुष्कळदा तो योग्यही ठरतो, आणि ज्याने हे यंत्र घडविले त्यालाही त्याची मर्यादा ठाऊक असावी. म्हणूनच काही मिनिटांनंतर थांबून माणसाला हाक मारण्याची सोय त्यात आहे. धोका यंत्रात नसून आपल्या कानांत आहे. रडे थांबले म्हणजे गरज भागली, अशी आपल्या कानांना सवय लागली, तर पुढे ते मूल बोलू लागल्यावरही आपण त्याला गप्प करण्यालाच त्याचे ऐकणे समजू.

विज्ञानानेही दोन्ही बाजूंनी साक्ष दिली आहे. १९५८ साली अमेरिकेतील हॅरी हार्लो यांनी माकडांच्या पिलांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. तारेच्या आईकडे दूध आणि कापडाच्या आईकडे केवळ मऊपणा असता पिले बहुतेक वेळ कापडालाच बिलगून राहिली. पण नुसत्या कापडावर वाढलेली पिले पुढे आपल्या जातभाईंत धडपणे वागू शकली नाहीत. २०१३ साली जपानमधील राइकेन संस्थेच्या संशोधकांनी दाखविले की मातेने मुलाला घेऊन चालू लागताच त्याचे रडे कमी होते आणि हृदयाचे ठोके संथ होतात. म्हणजे झोक्याने मूल शांत होते हे खरे, आणि झोका म्हणजे माणूस नव्हे हेही तितकेच खरे.

हा लेख वाचणाऱ्या पुष्कळांच्या देवळात आरतीच्या वेळी विजेवर चालणारे नगारा-घंटेचे यंत्र असेल. कळ दाबली की नगारा, झांज, घंटा एकदम सुरू. आम्ही त्यावर अनेकदा टीका केली आहे. परंतु ते यंत्र देवळात का आले? सायंकाळच्या आरतीला नगारा वाजविण्यास चार माणसे जमेनात म्हणून आले. यंत्राने माणसांना हाकलले नाही. माणसे आधी गेली, मागाहून यंत्र आले. पुतणीच्या घरातील पाळण्याची गोष्ट वेगळी नाही. अमेरिकेत १९९३ च्या कायद्याने मिळणारी बारा आठवड्यांची रजा बिनपगारी आहे, आणि तीही सर्वांस लागू नाही. आमच्या देशात २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा पहिल्या दोन अपत्यांपुरती बारावरून सव्वीस आठवड्यांवर नेली. परंतु खाजगी नोकरीतील पित्याला अशी रजा देणारा सर्वसाधारण कायदा नाही. जणू दोरीला बापाचा हात लागू नये अशी कायद्याचीच इच्छा! यंत्राला दोष देण्यापूर्वी या रिकाम्या जागेचा हिशेब मागावयास हवा.

ज्यांना असा पाळणा निवडावयाचा आहे त्यांना दोन शब्द सांगावेसे वाटतात. गादी सपाट व कठीण असावी. उशी, मऊ पांघरूण, खेळणी आत नसावीत. अमेरिकेत २००९ साली निघालेला एक कलता झोपाळा अतिशय लोकप्रिय झाला, आणि तिसाहून अधिक अर्भकांच्या मृत्यूंची नोंद झाल्यावर २०१९ साली असे सुमारे सत्तेचाळीस लाख झोपाळे परत मागविण्यात आले. २०२२ च्या कायद्याने तेथे दहा अंशांहून अधिक कललेले झोपाळे बंद झाले. मुलाची हनुवटी छातीवर टेकेल अशी कोणतीही जागा, मग ती आपली झोळीही असो, झोपेसाठी योग्य नव्हे. 'स्नू'ला तेथील अन्न व औषध प्रशासनाने २०२३ साली मान्यता दिली ती मूल उताणे राहावे यासाठी. मृत्यू टळण्याची ती हमी नव्हे. आणि पाळणा मुलाच्या रात्रीची नोंद कोणाकडे पाठवितो, हे विचारून घ्यावे. आमच्या संसदेने २०२३ साली संमत केलेल्या कायद्यात बालकाची माहिती वापरण्यापूर्वी पालकाची पडताळलेली संमती आवश्यक मानली आहे. पण न वाचता दिलेली संमती कोणता कायदा वाचवील?

आम्ही पुतणीला दुसरे पत्र लिहिले, ते अवघ्या सात ओळींचे. पहिल्या ओळीत क्षमा मागितली. पाळणा जरूर घे, भाड्याने मिळत असेल तर भाड्यानेच घे, असे लिहिले. पाळण्याने हाक मारली की उशीर करू नकोस. आणि दिवसातून एकदा तरी, झोप झालेली असताना, तिला तुझ्या किंवा जावयांच्या खांद्यावर निजू दे, एवढ्या दोनच अटी घातल्या. तिने पाळणा घेतला. सुट्टीच्या रात्री जावई यंत्र बंद करून मुलीला खांद्यावर घेऊन फेऱ्या घालतात, असे ती सांगते. ती स्वतः आता झोपते.

नवरात्रात फोंड्याच्या देवळांत मखर हलविले जाते तेव्हा आम्ही दरवर्षी जातो. त्या झोक्याची देवाला गरज नाही, हे जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. तरी मखर माणसांच्याच हातांनी हलते. यंदा तेथून परतल्यावर आम्ही माळ्यावर चढून फणसाचा पाळणा खाली काढला आणि पुसून ठेवला. पुतणी मुलीला घेऊन दिवाळीला येणार आहे. मुलगी पाळण्याच्या वयाची तेव्हा राहिलेली नसेल. पण रात्री ती रडलीच, तर या खेपेस आम्ही उठणार आहोत, असे आम्ही पत्नीला सांगितले. ती काही बोलली नाही, फक्त हसली.