बाहुली की खेळणं?

अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयात एक चमत्कारिक खटला चालला होता. वाद आयात शुल्काचा. तेव्हाच्या शुल्कपत्रकात 'बाहुल्या' आणि 'खेळणी' असे दोन वेगळे वर्ग होते. माणसाची प्रतिमा असेल तर ती बाहुली, शुल्क १२ टक्के. राक्षस, प्राणी, यंत्रमानव असं काही असेल तर ते खेळणं, शुल्क ६.८ टक्के. टॉय बिझ या कंपनीने परदेशातून आणलेल्या मालात 'एक्स-मेन' या कॉमिक्समधल्या पात्रांचे हातभर उंचीपेक्षाही लहान प्लॅस्टिकचे पुतळे होते. सीमाशुल्क खात्याने त्यांना बाहुल्या ठरवलं. कंपनीचं म्हणणं असं, की छे, ही माणसंच नव्हेत. एकाच्या हातातून नख्या बाहेर येतात, दुसऱ्याला शेपटी आहे. २००३ च्या जानेवारीत न्यायाधीश ज्युडिथ बार्झिले यांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला. एक्स-मेन माणसं नाहीत, यावर शिक्कामोर्तब झालं.

टॉय बिझ ही काही तिऱ्हाईत कंपनी नव्हती. १९९६ च्या अखेरीस 'एक्स-मेन'ची प्रकाशक मार्व्हल दिवाळखोरीत गेली आणि १९९८ मध्ये टॉय बिझशी तिचं विलीनीकरण झालं. म्हणजे जी पात्रं चार दशकं 'आम्हीही माणसंच आहोत' असं सांगत आली, त्यांच्याच मालकांनी शुल्कातले पाच टक्के वाचवण्यासाठी कोर्टात त्याच्या नेमकं उलट सांगितलं. चाहते चिडले, वर्तमानपत्रांना गमतीची बातमी मिळाली. पण गंमत बाजूला ठेवली, तर या खटल्यात एक्स-मेनच्या कल्पनेतली खरी फट उघडी पडते, आणि २००० साली आलेला ब्रायन सिंगर दिग्दर्शित 'एक्स-मेन' हा चित्रपट त्या फटीवरच उभा आहे.

या कल्पनेचा जन्म काही फार थोर हेतूने झालेला नाही. १९६३ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांना आणखी एक सुपरहिरोंचा संघ हवा होता. प्रत्येकाला शक्ती कशी मिळाली, याची कथा रचायची म्हणजे कटकट. कुणाला किरणोत्सर्गी कोळी चावला, कुणी गॅमा किरणांत सापडला. किती वेळा तेच करणार? लीने सोपी वाट धरली: यांना काही झालंच नाही, हे जन्मतःच असे आहेत. हे त्याने पुढे स्वतःच मोकळेपणाने सांगितलं आहे. त्याला मासिकाचं नाव 'द म्यूटंट्स', म्हणजे जन्मजात बदल झालेले, असं ठेवायचं होतं. वाचकांना तो शब्द कळणार नाही म्हणून प्रकाशक मार्टिन गुडमन यांनी ते नाकारलं. पहिल्या संघात पाच जण होते, पाचही गोरे, पाचही एकसारख्या गणवेशातले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनला नागरी हक्कांसाठी लाखोंचा मोर्चा निघाला. एक्स-मेनचा गुरू प्रोफेसर झेव्हियर म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग आणि त्यांचा शत्रू, धातूवर हुकमत असलेला मॅग्नेटो म्हणजे माल्कम एक्स हे समीकरण आज सर्रास मांडलं जातं. सुरुवातीच्या अंकांतला मॅग्नेटो मात्र जग जिंकायला निघालेला साधासुधा खलनायक आहे.

पण आळसातून आलेल्या त्या 'जन्मतःच' या शब्दात बरंच काही दडलेलं होतं. कोळी चावणं हा अपघात. जन्म ही ओळख. मासिक रखडलं, १९७० नंतर पाच वर्षं त्यात जुन्याच गोष्टी पुन्हा छापल्या गेल्या. १९७५ मध्ये लेन वाइन आणि डेव्ह कॉक्रम यांनी नवा संघ उभा केला: केनियात सापडलेली स्टॉर्म, सोव्हिएत सामुदायिक शेतावरचा कोलोसस, जर्मनीतला निळ्या कातडीचा नाइटक्रॉलर, कॅनडाचा व्हुल्व्हरीन. त्यानंतर ख्रिस क्लेअरमाँट सोळा-सतरा वर्षं लिहीत राहिला आणि १९८१ मध्ये त्याने मॅग्नेटोला भूतकाळ दिला. हा माणूस लहानपणी ऑशविट्झमधून वाचलेला आहे. कॉमिक्सच्या इतिहासातला हा बहुधा सर्वांत महत्त्वाचा बदल, कारण त्या दिवसापासून खलनायकाकडे युक्तिवाद आला.

सिंगरने चित्रपट तिथूनच सुरू केला. पोलंड, १९४४, पाऊस, चिखल. छळछावणीच्या फाटकाशी एका मुलाला आईबापांपासून ओढून काढतात आणि त्याच्या हाताच्या ताणाने लोखंडी फाटक वाकायला लागतं. सुपरहिरोपटाची अशी सुरुवात तोवर कुणी केली नव्हती. 'बॅटमॅन अँड रॉबिन' १९९७ मध्ये आपटला होता, रंगीबेरंगी चड्ड्या घातलेल्या वीरांवर कुणी पैसे लावायला धजावत नव्हतं. म्हणून पिवळे-निळे गणवेश गेले आणि काळं चामडं आलं. व्हुल्व्हरीनसाठी ठरलेला डग्रे स्कॉट 'मिशन इम्पॉसिबल २' मध्ये अडकला, म्हणून ऐनवेळी ह्यू जॅकमन आला. कॉमिक्समधला हा वीर सव्वापाच फुटांचा. जॅकमन सहा फूट दोन इंच. चाहत्यांनी नाकं मुरडली आणि नंतर सतरा वर्षं त्याच्यावाचून दुसऱ्या कुणाची कल्पना त्यांना करवली नाही. साडेसात कोटी डॉलर खर्चून केलेल्या चित्रपटाने जगभरात जवळपास तीस कोटी मिळवले. पुढच्या पंचवीस वर्षांची सुपरहिरोपटांची लाट बऱ्याच अंशी या यशातून निघाली.

चित्रपटातला सर्वांत चांगला प्रसंग मात्र मारामारीचा नाही, सिनेटच्या सुनावणीचा आहे. सिनेटर केलीला म्यूटंटांची सक्तीची नोंदणी करणारा कायदा हवा आहे. म्यूटंट धोकादायक असतात का, असं तो विचारतो. डॉक्टर जीन ग्रे उत्तर देते की चुकीच्या माणसाच्या हाती मोटारही धोकादायकच असते. केली म्हणतो, गाडी चालवायला आपण परवाना मागतोच की. त्यावर ती म्हणते, चालवायला मागतो, जगायला नाही. उत्तर टाळीचं आहे. पण केली लगेच भिंतीतून आरपार जाणाऱ्या एका मुलीचा दाखला देतो: उद्या ती बँकेच्या तिजोरीत शिरली तर तिला कोण अडवणार? या प्रश्नाला जीनकडे उत्तर नाही. चित्रपटाकडेही नाही.

इथे मराठी वाचकाला परग्रहावर जायची गरज पडत नाही. जन्मावरून माणसांची नोंद ठेवणं ही आपल्याकडे कल्पना नव्हती, कायदा होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्यांनी कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. हजेरी, बोटांचे ठसे, परवान्याशिवाय गाव सोडायला बंदी. सोलापुरात तारेच्या कुंपणामागे जी वसाहत उभी राहिली, तिच्या परिसराला लोक अजून 'सेटलमेंट' म्हणतात. १९५२ मध्ये या जमाती 'विमुक्त' झाल्या. संशय मात्र लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'च्या पानांपर्यंत आणि त्यानंतरही पिच्छा पुरवत राहिला. पण फरक इथेच आहे. पारधी मुलाच्या डोळ्यांतून भिंत फोडणारा किरण निघत नाही. त्याच्यावरचा आरोप धादांत खोटा होता, आणि त्या कायद्याचा अन्याय त्या खोटेपणातच होता. एक्स-मेनमधल्या सायक्लॉप्सच्या डोळ्यांतून तो किरण खरोखरच निघतो. चष्मा काढला की आगगाडीच्या स्थानकाचं छप्पर उडतं. अल्पसंख्याकांच्या दुःखाचं रूपक म्हणून ज्यांना उभं केलं, त्यांच्याबद्दलची भीती साधार असेल, तर रूपक कुणाच्या बाजूने साक्ष देतं? केलीच्या भाषणातला प्रत्येक शब्द एखाद्या वंशद्वेष्ट्याच्या तोंडचा वाटतो. फक्त या गोष्टीत त्याची माहिती बरोबर आहे.

हा दोष किरकोळ नाही, आणि चाहते तो झटकून टाकतात तसा तो झटकताही येत नाही.

तरीही चित्रपट टिकतो. रोग नावाची मिसिसिपीची मुलगी त्याला तारते. तिचं कातडं कुणाला लागलं की समोरच्याचा जीव ओढला जातो. पहिल्याच चुंबनात तिचा मित्र बेशुद्ध होतो आणि ती घर सोडून कॅनडाच्या बर्फात पोचते. तिला जगाची भीती नाही, स्वतःची आहे. लोगनच्या, म्हणजे व्हुल्व्हरीनच्या, गाडीत बसल्यावर ती त्याला विचारते, नख्या बाहेर येताना दुखतं का? दरवेळी, तो सांगतो. एवढ्याशा संवादात शक्ती ही देणगी नसून शरीराला जडलेलं दुखणं आहे, हे कळतं. मग झेव्हियरची शाळा हे वीरांचं मुख्यालय उरत नाही. जिथे हातमोजे का घालतेस असं कुणी विचारणार नाही, असं ते घर होतं. २०१२ चा 'द ॲव्हेंजर्स' बावीस कोटी डॉलरचा, कितीतरी सफाईदार. पण तिथला संघ सरकारी यंत्रणेने बोलावून जमवलेला आहे. संकट टळलं की जो तो आपल्या वाटेने जातो. एक्स-मेनला जायला दुसरी जागा नाही.

बाकी संघ खरं तर अर्धाकच्चा आहे. १०४ मिनिटांत एवढी पात्रं बसवताना सायक्लॉप्सच्या वाट्याला फक्त चष्मा येतो. हॅली बेरीच्या स्टॉर्मला वीज पडलेल्या बेडकाबद्दलचं एक वाक्य दिलंय, ते न दिलेलं बरं होतं. मात्र मरणाच्या दारात असलेला केली तिला विचारतो की तू साध्या माणसांचा द्वेष करतेस का, तेव्हा ती खोटं बोलत नाही. कधीकधी करते, म्हणते. कारण त्यांची भीती वाटते. केली मग शब्दशः पाणी होऊन जातो.

केलीला म्यूटंट केलं होतं मॅग्नेटोने. जगभरचे नेते न्यूयॉर्कजवळ एलिस बेटावर जमणार आहेत, ज्या बेटावर लाखो स्थलांतरितांची तपासणी आणि नोंद झाली. त्या सगळ्यांना म्यूटंट करायचं, म्हणजे नोंदणीचा प्रश्नच मिटला, अशी त्याची योजना. यंत्र बसवलंय स्वातंत्र्यदेवतेच्या मशालीत. ते चालवणाऱ्याचा जीव जातो, म्हणून मॅग्नेटो रोगला त्यात बांधतो. छावणीच्या फाटकाशी आईबापांपासून तोडलेला मुलगा म्हातारपणी आपल्याच जमातीतल्या एका पोरीला यंत्रात घालतो. इयन मकेलनने हा माणूस क्रूर न करता थकलेला साकारला आहे. १९८८ मध्ये ब्रिटनमधल्या समलिंगीविरोधी कायद्याशी झगडताना मकेलनने आपण समलिंगी असल्याचं जाहीर केलं होतं. या भूमिकेकडे त्याला त्याच धाग्याने ओढलं. २००३ च्या दुसऱ्या भागात आपला मुलगा म्यूटंट आहे हे कळल्यावर आई त्याला विचारते, तू तसं न होण्याचा प्रयत्न करून पाहिलास का? तो प्रसंग ज्यांच्या घरात घडून गेला होता, त्यांना रूपकाची फट वगैरे काही दिसली नसेल.

शेवटी मॅग्नेटो प्लॅस्टिकच्या तुरुंगात असतो. धातू कुठेच नाही. बुद्धिबळाची प्यादीसुद्धा प्लॅस्टिकची. चाकांच्या खुर्चीत झेव्हियर भेटायला येतो. मॅग्नेटो विचारतो, हा कायदा किंवा असाच दुसरा एखादा संमत होईल, एके रात्री ते तुझ्या शाळेत येतील, मुलांना घेऊन जातील, या विचाराने तुला जाग येत नाही का? येते, झेव्हियर कबूल करतो. मग, जाग आल्यावर काय करतोस? जो कुणी तसल्या हेतूने शाळेत येईल त्याची आपल्याला कीव येते, असं तो शांतपणे सांगतो. आयुष्यभर सहजीवनाचा आग्रह धरलेल्या माणसाकडेही त्या घडीला दुसरं उत्तर नसतं. त्यालाही आपल्या मुलांच्या नख्यांवरच विसंबावं लागतं. शेवटी झेव्हियर झालेल्या पॅट्रिक स्टुअर्टची खुर्ची त्या लांबलचक पुलावरून परत जाऊ लागते.