सब्र कोणी कोणाला शिकवावा?

सॅल्मन माशाचा प्रवास आपण मुलांना चिकाटीचा दाखला म्हणून सांगतो. कॅनडातील फ्रेझर नदीच्या खोऱ्यात जन्मलेला सॉकाय सॅल्मन समुद्रात वाढतो आणि जन्मस्थळाच्या पाण्याचा गंध ओळखत प्रवाहाविरुद्ध परततो. गोड्या पाण्यात शिरल्यावर तो अन्न घेत नाही. अंगातील चरबीच्या बळावर शेकडो किलोमीटर चढून जातो, तेथे वीण होते आणि तेथेच त्याचा अंत होतो. निर्मात्याने त्याच्यात घातलेली ही ओढ पाहून मन नम्र होते.

परंतु या कथेचा एक भाग सहसा सांगितला जात नाही. १९१४ साली याच नदीच्या हेल्स गेट नावाच्या अरुंद घळीत रेल्वेमार्गाच्या कामामुळे दरड कोसळली. प्रवाह इतका तीव्र झाला की असंख्य मासे धडपडून थकले आणि अंडी न घालताच मेले. त्यांची चिकाटी कमी पडली काय? पुढे १९४० च्या दशकात माणसांनीच तेथे मत्स्यमार्ग बांधले, तेव्हा कुठे ती वाट सुकर झाली.

अशा दरडी आपल्या घरांतही कोसळतात. वडिलांच्या इंतकालनंतर भाऊ बहिणीचा वारसाहक्क अडवतात आणि वडीलधारी मंडळी सब्रचा उपदेश मात्र तिलाच करतात. सब्र थोर आहे, यात शंका नाही. पण ज्याने वाट अडवली त्यानेच तो शिकवावा, हे कितपत न्याय्य? तुमच्या घरच्या सातबाऱ्यावर बहिणीचे नाव लागले आहे का?